तीनदा विचारायची पद्धत

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे पाहुण्याला एकदाच विचारून थांबणं म्हणजे त्याला हाकलून देणंच. ‘जेवून जा’ म्हणायचं, तो ‘नको हो’ म्हणणार. पुन्हा म्हणायचं, तो ‘आत्ताच खाऊन निघालोय’ म्हणणार. तिसऱ्यांदा हात धरून बसवायचं, की तोच माणूस चार पोळ्या खाऊन वर ताक मागणार. पुण्याच्या सासरी आल्यावर हा आग्रह जरा कमी झाला, पण माझ्या स्वभावातून गेला नाही. मला कुणी किती वेळा बोलावलं, कोण तोंडदेखलं म्हणालं, कोण मनापासून, याचा हिशोब माझ्या डोक्यात कायम चालू असतो. नवरा म्हणतो, तुझ्यासारखी मानापमानाची बाई साऱ्या आयर्लंडात नसेल. नसेल तर नसेल.

हे आधीच सांगितलं, कारण आयर्लंडमधल्या शॅननला, आम्ही राहतो तिथे, एका म्हाताऱ्या शेजारणीला मी दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, एका दुपारी, फक्त एकदा विचारलं आणि घरी निघून आले. पुन्हा विचारलं असतं तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. पण पुन्हा विचारायला हवं होतं, हे पक्कं माहीत आहे.

ती आइसलँडची होती. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी एका आयरिश माणसाशी लग्न करून आलेली. नवरा विमानतळावर नोकरीला होता. आम्ही तिथे राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी वारला. मुलगा कॅनडात. आमची घरं एकमेकांना चिकटून, पुढे दोन अंगणं आणि मध्ये कमरेएवढी भिंत. मी तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम करते. शेजारपाजारच्या लोकांशी ‘हाउ आर यू’, ‘ग्रँड’ एवढंच व्हायचं.

ओळख झाली ती चपलांमुळे. आमच्या दाराशी तीन माणसांच्या सहा-सात जोड्यांचा ढीग असायचा. एक दिवस ती भिंतीपाशी येऊन तो ढीग बघत उभी राहिली. मला वाटलं, आली बाई तक्रार. तर ती म्हणाली, “तुम्ही घरात बूट घालत नाही?” मी म्हटलं, नाही, आमच्यात चालत नाही. तिनं छातीवर हात ठेवला. “चाळीस वर्षं,” म्हणाली, “चाळीस वर्षं मी या देशात लोकांच्या बुटांखालची फरशी पुसतेय. आमच्याकडे तर डॉक्टर घरी आला तरी बूट दाराशी काढतो.” त्या दिवशी तिनं मला आत नेलं. दाराच्या आत एक लाकडी खुर्ची, खुर्चीखाली रबरी ट्रे, ट्रेमध्ये तिचे नाडीचे तपकिरी बूट. तिचे गुडघे दुखायचे. बूट घालायला लागणारा हातभर लांब चमचा खुर्चीच्या पाठीला टांगलेला. “मला बूट घालायला पंधरा मिनिटं लागतात आणि नाड्या बांधायला आणखी दहा,” ती म्हणाली. “म्हणून बाहेर जायचं की नाही ते मी नीट विचार करून ठरवते.”

घरात मात्र लोकरीचे मोजे. त्या घरात कुणी बूट घालून आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तिनं ट्रेपाशी थांबवलं होतं, आणि तो बिचारा फाटक्या मोज्यांत घरभर फिरला.

तिला नावानं हाक मारायची, असा तिचा हुकूम होता. आइसलँडमध्ये म्हणे शिक्षकांना, मंत्र्यांना, अगदी राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानंच बोलावतात. आडनाव नसतंच, बापाच्या नावाला ‘चा मुलगा’, ‘ची मुलगी’ जोडलं की झालं. मला ऐकायला मजा वाटली. पण माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी नावानं कशी हाक मारणार? जीभच वळेना. मग मी तिला काहीच म्हणायची नाही. नुसतं भिंतीपाशी जाऊन खाकरायची, आणि ती बाहेर यायची. आमच्या घरात तिचं नाव पडलं बर्फातल्या आजी. लेकीला मराठी सगळं समजतं, पण बोलते आयरिश वळणाच्या इंग्रजीत. तेवढा एक ‘आजी’ शब्द ती मराठीत म्हणायची.

आणि तिची दुसरी एक सवय. भेटली की पहिलं वाक्य ठरलेलं: “मागच्या वेळेबद्दल थँक्यू.” मागच्या वेळी काय झालेलं असायचं? काही नाही, दोन मिनिटं उभं राहून हवेला नावं ठेवलेली असायची. पण त्यांच्यात म्हणे पुन्हा भेटल्यावर आधी मागच्या भेटीचे आभार मानतात. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर मीही म्हणायला लागले.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही, असा नियम आला. आमचा कारखाना चालू होता, त्यामुळे मी रोज बाहेर. येताना तिचं सामान आणायची: दूध, लोणी, मासे, कॉफी. पिशवी भिंतीवर ठेवायची आणि मागे सरकायचं. ती यायची, उचलायची आणि म्हणायची, “मागच्या वेळेबद्दल थँक्यू.” कधी पिशवीच्या बदल्यात भिंतीवर ताटली असायची: घावनापेक्षाही पातळ गोड पोळे, साखर भुरभुरून गुंडाळलेले. मी ताटली रिकामी परत देत नसे. शिरा, चिवडा, काही ना काही. तिला चिवडा भलता आवडला. चमच्यानं खायची.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी तिच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बशी दिसली. मला वाटलं मांजरासाठी. ती म्हणाली, आज आमच्या उन्हाळ्याचा पहिला दिवस. आदल्या रात्री बाहेर पाणी ठेवायचं. सकाळी त्यावर बर्फ धरला असेल तर थंडी आणि उन्हाळा एकत्र गोठले असं समजायचं, म्हणजे उन्हाळा चांगला जाणार. “आणि बर्फ नाही धरला तर?” मी विचारलं. तिनं बशीत बोट बुडवून दाखवलं. “शॅननमध्ये चाळीस वर्षांत दोनदाच धरलाय. तरी ठेवायची.” त्या दिवशी लहान मुलांना उन्हाळ्याची भेट द्यायची पद्धत. लेकीला तिनं भेट काय दिली? लोकरीचे हातमोजे! मी मनातल्या मनात हसले. पण त्या वर्षीचा आयरिश जून असा होता की पोरीनं ते खरंच घातले.

आता डिसेंबर. नाताळपुरती सरकारनं थोडी मोकळीक दिली होती, दुसऱ्याच्या घरी जायची परवानगी होती. चोवीस तारखेच्या दोन-तीन दिवस आधी ती भिंतीपाशी आली आणि म्हणाली, “चोवीसला संध्याकाळी सहाला आमचा नाताळ सुरू होतो. बरोबर सहाला रेडिओवर घंटा वाजतात, आणि मग जेवायला बसायचं. मुलाला येता येत नाही. तुम्ही तिघं याल का?”

मी काय म्हणावं? माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अहो नको, कशाला उगाच तुम्हाला त्रास!” इंग्रजीत म्हणाले, पण मनात पक्की सांगली. आता ती म्हणणार, त्रास कसला. मग मी म्हणणार, एवढं सगळं एकटीनं कशाला करता. मग ती म्हणणार, ते काही नाही, यायचंच. मग मी म्हणणार, बरं, मी पुलाव घेऊन येते.

ती म्हणाली, “ओके.” आणि आत गेली.

मी तिथेच उभी. काय बाई तरी! एकदाच विचारलं? म्हणजे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली. घरी येऊन नवऱ्यापुढे तणतण केली. तो म्हणाला, “अगं, तूच नको म्हणालीस ना?” मी म्हटलं, “नको म्हणाले म्हणून काय झालं? पुन्हा म्हणायला तिचं तोंड दुखत होतं का?” त्यानं लॅपटॉपकडे तोंड फिरवलं. पुढचे दोन दिवस मी ताणून धरलं. सामान ठेवायची आणि खाकरायची नाही.

चोवीसला सहाला मी आमच्या पुढच्या खिडकीत होते. मुद्दाम नव्हे असं तेव्हा म्हणाले असते, मुद्दामच होते. तिच्या खिडकीत मेणबत्त्या होत्या, पडदा उघडा, आणि टेबलावर चार ताटं. चार! मनात म्हटलं, बघा, आली असतील कुणी दुसरी माणसं, आपलं तर नुसतं नावाला. तिच्या समोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ती पांढरा ब्लाउज घालून एकटीच जेवत होती, हे मला दिसत होतं. दिसूनही मी पुलाव वाढायला आत गेले. माझा रागच मोठा होता ना!

दुसऱ्या दिवशी दारात पुस्तकं सापडली, तीन, कागदात गुंडाळून, प्रत्येकावर आमची नावं. नाताळच्या रात्री पुस्तक द्यायचं आणि अंथरुणात पडून चॉकलेट खात वाचायचं, ही त्यांची पद्धत. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी भिंतीपाशी जाऊन खाकरले. ती आली. “मागच्या वेळेबद्दल थँक्यू,” म्हणाली, नेहमीसारखीच, रागाचं नावही नाही. मग मी सरळ विचारलं, ती चार ताटं कुणासाठी होती?

“तुमच्यासाठी. तू नको म्हणाली होतीस, पण माणसाचं मन बदलतं. दार लोटलेलंच होतं.”

“मग पुन्हा का नाही विचारलंत?”

ती गोंधळली. “तू नको म्हणालीस. मोठी बाई विचार करून नको म्हणते, तिला पुन्हा विचारणं म्हणजे तिचा अपमान नाही का?”

मला रडू आलं, आणि हसूही. भिंतीच्या अलीकडे उभी राहून मी तिला आमचं सगळं शास्त्र सांगितलं: पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. ती डोळे मोठे करून ऐकत होती. “आयरिश लोक पण तसेच!” म्हणाली. “लग्नाआधी सासूनं चहाला विचारलं, मी पहिल्याच झटक्यात हो म्हटलं. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. नवऱ्यानं चाळीस वर्षं शिकवलं, मला काही जमलं नाही. आता तू शिकव. नको म्हणजे काय म्हणतात तुमच्या भाषेत?”

“नको.”

“नको,” ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

झालं, आठवडाभर हाच खेळ. मी भिंतीवर डबा ठेवून म्हणायची, चिवडा घ्या. ती म्हणायची, नको. घ्या हो. नको. मी कमरेवर हात ठेवून तिसऱ्यांदा घ्या म्हणायची, की ती डबा झडप घालून उचलायची आणि पोटभर हसायची. एकदा मी दोनदाच विचारून मुद्दाम वळले, तर ती मागून ओरडली, “अजून एकदा! अजून एकदा विचारायचंय तुला!” लेक खिडकीतून बघून म्हणाली, “यू टू आर मेंटल.” दुखणी, मृत्यू, आकडे, रोज बातम्यांत तेच, त्या दिवसांत मला कारखान्यातून परत यावंसं वाटायचं ते या थट्टेसाठी.

जानेवारीत आजार फार वाढला. आमच्या लाइनवरच्या दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. मी घरी आले की दाराशीच कपडे बदलायची, नवऱ्याच्याही जवळ जायची नाही. एका दुपारी, साधारण साडेतीनला, मी पहिल्या शिफ्टवरून आले आणि तिची पिशवी भिंतीवर ठेवली. खाकरले. ती यायला खूप वेळ लागला. दारातच थांबली, भिंतीपर्यंत आलीच नाही. चौकटीला धरून उभी. चेहरा राखेसारखा, आणि दोन शब्दांत दम लागत होता. ‘मागच्या वेळेबद्दल थँक्यू’ म्हणाली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, “बरं नाही का? डॉक्टरकडे नेऊ का? गाडी काढते.”

ती म्हणाली, “नको.”

चक्क मराठीत. मला हसू आलं. चला, थट्टा सुचतेय म्हणजे फार काही नाही. मी म्हटलं, “बरं, काही लागलं तर फोन करा हं,” आणि पिशवी उचलून तिच्या पायरीवर नेऊन ठेवली, दोन हात लांबूनच. घरी आले.

खरं सांगू? तो नकार मला सोयीचा होता. पहाटे पाचला उठलेली होते. तिला गाडीत बसवायचं म्हणजे शेजारी अर्धा तास बंद काचेत. तिला तेच असलं तर? मला असलं आणि तिला लागलं तर? हॉस्पिटलच्या दारात किती तास थांबावं लागेल? ती नको म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला. वर मी स्वतःला समजावलं, की आता मला त्यांची पद्धत कळलीय, मोठी बाई विचार करून नको म्हणते, तिला पुन्हा विचारायचं नसतं. केवढी शहाणी झाले होते मी! जन्मभर शंभर जणांना तीन-तीनदा श्रीखंड वाढलं, आणि नेमकं त्या दिवशी आइसलँडच्या रीतीनं वागले.

संध्याकाळी एकदा फोन केला. उचलला नाही. म्हटलं झोपली असेल, दुखणाईत माणसाला झोप बरी.

सकाळी आठला पिशवी पायरीवर तशीच होती. मी भिंतीवरून उडी मारली, आयुष्यात पहिल्यांदा. दार लोटलेलंच होतं, तिच्या सवयीप्रमाणे. मी ढकललं तर ते पूर्ण उघडेना, आतल्या खुर्चीला लागलं.

ती त्या खुर्चीवर बसलेली होती. अंगात बाहेरचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मांडीवर पर्स. पायांशी छोटी बॅग. डोकं भिंतीला टेकलेलं, श्वास चालू होता पण घरघर लागलेली, आणि मी हलवलं तरी डोळे उघडेना. मी नवऱ्याला हाका मारल्या, त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी तिच्या समोर फरशीवर बसून होते, तिचा गार हात धरून. दोन मीटरचा नियम कुठल्या कुठे गेला. आणि बसल्यावर माझ्या नजरेसमोर तिचे पाय आले.

तिनं बूट घातले होते. घरात. ट्रे बाजूला सरकवलेला, लांब चमचा फरशीवर पडलेला, आणि त्या तपकिरी बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, डबल गाठीच्या. दम लागत असताना, ते गुडघे घेऊन वाकून तिनं त्या बांधल्या होत्या. तिच्या हिशोबानं पंधरा मिनिटं आणि दहा मिनिटं. त्या दिवशी किती लागली असतील देव जाणे. फोन पर्समध्येच होता. मुलाला केला नव्हता, डॉक्टरला केला नव्हता, मला केला नव्हता. मी येणार हे तिनं धरलेलंच होतं. एकदा विचारून गेले होते. अजून दोनदा यायची होते.

ती आठ-नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. कुणाला भेटायला देत नव्हते. शुद्धीवर आली की नाही, तेही मला धड कळलं नाही. मी नातेवाईक नव्हते. गेली तेव्हा मुलगा कॅनडातून स्क्रीनवर होता. अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती, म्हणून आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, इथल्या पद्धतीप्रमाणे, गाडी जाईपर्यंत. लेकीनं ते हातमोजे घातले होते.

नवरा म्हणतो, तू तरी काय करणार होतीस, ती नको म्हणाली. इथली एक मैत्रीण म्हणते, त्या आजारात कुणाच्या हातात काय होतं. बरोबर आहे त्यांचं. पण त्यांनी ते बूट पाहिलेले नाहीत.

मुलगा उन्हाळ्यात घर आवरायला आला. मी गेले तर दारातच म्हणाला, “आई फोनवर तुमच्याबद्दल खूप सांगायची. तिच्या वस्तूंतलं काही हवं का तुम्हाला?” हवं होतं. ती पाण्याची बशी हवी होती. पण तोंडून निघालं, “नको.” तो आईवरच गेलेला, मान हलवून आत वळला. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी पुन्हा विचारायची वाट न बघता, त्याच्या मागे गेले आणि म्हटलं, “थांब. हवंय.”